पोलिसांच्या पिस्तुलावर रेड डॉट साइट: बसवणं, झीरो करणं, शिकवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पोलिसांच्या कमरेच्या पिस्तुलावर एक छोटी काच दिसू लागली आहे. ती म्हणजे रेड डॉट साइट, लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन. हे पान त्या काचेबद्दल आणि ती वापरायला पोलिसांना कसं शिकवतात याबद्दल आहे. तिकडच्या पोलीस दलांत नोकरी करणारे मराठी लोक, इकडे रेंजवर सराव करणारे नेमबाज आणि पोलीस प्रशिक्षणाची आवड असलेले वाचक साधारण हेच प्रश्न विचारतात.

रेड डॉट म्हणजे पिस्तुलातून निघणारा लेझर का?

नाही. लेझरचा ठिपका समोरच्याच्या अंगावर पडतो आणि सगळ्यांना दिसतो. रेड डॉटचा ठिपका फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो. साइटमध्ये मागच्या बाजूला एक बारीक एलईडी असते. तिचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो. काचेवरचा लेप तेवढा लाल प्रकाश डोळ्याकडे परतवतो आणि बाकीचं दृश्य आरपार दिसू देतो. किरण समांतर होऊन परत येतात, त्यामुळे ठिपका काचेवर चिकटल्यासारखा वाटत नाही, दूर लक्ष्यापाशी तरंगताना दिसतो. म्हणूनच ठिपका खिडकीच्या मधोमध आणत बसायची गरज नसते. तो कोपऱ्यात दिसला तरी गोळी जवळपास ठिपक्यावरच जाते. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो आणि तोवर तो ठिपका मध्यावर आणण्यात वेळ घालवतो.

यात भिंग नसतं. काहीही मोठं होऊन दिसत नाही.

हे पोलिसांपर्यंत पोहोचायला इतकी वर्षं का लागली?

स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्येच इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणला होता, पण तो शिकारीच्या बंदुकांसाठी. पिस्तुलावर तो आधी स्पर्धकांनी आणला. 1990 ची आयपीएससीची (धावत-फिरत करायच्या नेमबाजीची) जागतिक स्पर्धा डग केनिग यांनी रेड डॉट लावलेल्या पिस्तुलाने जिंकली. मात्र तेव्हाच्या साइट नळकांड्यासारख्या मोठ्या होत्या आणि पिस्तुलाच्या न हलणाऱ्या भागावर बसवलेल्या असत. असं पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, घालून कुणी गस्त घालू शकत नाही.

कमरेच्या पिस्तुलावर साइट स्लाइडवरच, म्हणजे वरच्या सरकत्या भागावरच, बसवावी लागते. स्लाइड प्रत्येक गोळीला झटक्याने मागे जाते आणि आदळून पुढे येते. त्या दणक्यांनी सुरुवातीच्या साइटचे संपर्क निखळायचे, काचा तडकायच्या. 2009 मध्ये ट्रायजिकॉन कंपनीची आरएमआर ही साइट आली. हा मार टिकून सोसणारी साइट म्हणून तिचं नाव झालं. 2015 मध्ये ग्लॉकने एमओएस मालिकेत कारखान्यातूनच खाच कापलेल्या स्लाइड द्यायला सुरुवात केली. 2017 मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या एम17 पिस्तुलावरही साइट बसवायची सोय होती. 2021 मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी साइट बसवता येईल असं एफएन 509 पिस्तूल निवडलं. एवढं झाल्यावर लहान गावांतल्या पोलीस प्रमुखांनाही खरेदीचा प्रस्ताव मांडणं सोपं गेलं.

पोलिसाला याचा खरा फायदा काय? नुसती अचूकता?

अचूकता वाढते, पण माझ्या मते खरा फायदा वेगळा आहे.

आयर्न साइटने, म्हणजे पिस्तुलावरच्या जुन्या धातूच्या खुणांनी, नेम धरताना मागची खाच, पुढची माशी (समोरचं टोक) आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. त्यामुळे पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं की नजर पुढच्या माशीवर ठेवा, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालेल. कागदी लक्ष्यावर हे उत्तम चालतं. रस्त्यावर जे धूसर होतं तो एक जिवंत माणूस असतो. त्याच्या हातात काय आहे, तो हात खिशातून बाहेर काढतोय की वर करतोय, हे त्या क्षणी सगळ्यात स्पष्ट दिसायला हवं.

रेड डॉटमध्ये नजर माणसावरच राहते आणि ठिपका त्या दृश्यावर आपोआप येऊन बसतो. गोळी झाडायची की नाही हा निर्णय आणि नेम, दोन्ही एकाच नजरेत होतात. हातातली काळी वस्तू मोबाइल आहे हे ओळखायला अर्धा सेकंद जास्त मिळाला, तर झाडली न गेलेली गोळी हाच या साइटचा सगळ्यात मोठा लाभ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यात सांगितलं की, बळाचा वापर योग्य होता का हे घटनास्थळी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टीने तपासायचं. म्हणजे त्या क्षणी अधिकाऱ्याला काय दिसत होतं याला कायद्यातही वजन आहे.

पण हा फायदा काच बसवल्याने मिळत नाही. वर्षानुवर्षं माशीकडे बघणारा माणूस रेड डॉट हातात आल्यावर तितक्याच निष्ठेने ठिपक्याकडे बघू लागतो. नजर माणसावर ठेवायची सवय लावणं हेच खरं प्रशिक्षण.

चाळिशीनंतर डोळे साथ देत नाहीत. त्यांच्यासाठी हे बरं का?

खूपच बरं. चाळिशी लागली की हाताच्या अंतरावरची माशी स्पष्ट दिसेनाशी होते. चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला मान मागे टाकावी लागते आणि त्यात पकड बिघडते. ठिपका लक्ष्याच्या अंतरावर दिसत असल्याने दूरचं नीट दिसत असलं की काम होतं. अनुभवी अधिकारी आधी कुरकुरतात, पण बदल झाल्यावर सर्वाधिक खूश तेच असतात.

मला ठिपका गोल दिसत नाही, फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. साइट खराब आहे का?

बहुतेक वेळा साइट ठीक असते आणि डोळ्यात दृष्टिवैषम्य असतं. मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. प्रकाश कमी केल्यावर ठिपका बराच सावरतो. काहींना हिरवा ठिपका जास्त नीटस दिसतो. तरीही जमत नसेल तर कडा सोडून फराट्याचा सगळ्यात तेजस्वी भाग धरून झीरो करावं, म्हणजे ठरलेल्या अंतरावर ठिपका आणि गोळी एका जागी जुळवून घ्यावी. पोलिसी अंतरावर तेवढं पुरतं.

उघडी साइट घ्यावी की बंद?

आरएमआरसारख्या साइटमध्ये एलईडी उघडी असते. तिच्या आणि काचेच्या मध्ये पावसाचा थेंब, बर्फ किंवा कापडाचा धागा अडकला की ठिपका विस्कटतो किंवा गायब होतो. एमपॉइंट अ‍ॅक्रो किंवा होलोसन 509टी यांसारख्या साइट चारही बाजूंनी बंद पेटीसारख्या असतात. त्यांची काच ओली झाली तरी बोटाने पुसली की झालं. या साइट जरा जड आणि उंच असतात. गस्तीवरचा पोलीस बारा महिने पाऊस, धूळ आणि गाडीतल्या कचऱ्यात वावरतो. त्याच्यासाठी मी बंद साइटच सुचवेन. साध्या वेषातल्या अधिकाऱ्यासाठी आकार महत्त्वाचा असेल तर उघडी साइटही चालते, मात्र ती रोज साफ करावी लागते.

ठिपक्याचा आकार एमओए या मापात सांगतात. एक एमओए म्हणजे 100 मीटरवर साधारण 2.9 सेंटीमीटर. 3.25 एमओएचा ठिपका 25 मीटरवर सुमारे 2.4 सेंटीमीटर जागा झाकतो. पोलिसांसाठी 3 ते 6 एमओएमधला कुठलाही ठिपका चालतो. यावर तासन्‌तास वाद घालण्यात अर्थ नाही.

बसवायची कशी? चार स्क्रू तर असतात.

बहुतेकदा दोनच असतात, आणि रेंजवर साइट सैल होण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या दोन स्क्रूंतच सापडतं. म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, मग बोट घालून तपासा, आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. स्लाइड उतरवून मऊ जबड्याच्या पकडीत धरा. साइट थेट स्लाइडच्या खाचेत बसते किंवा मध्ये एक प्लेट लागते. ग्लॉकच्या एमओएस संचात क्रमांक घातलेल्या प्लेट येतात आणि आरएमआरसाठी 02 क्रमांकाची लागते. थेट कापलेली खाच जास्त भक्कम, कारण जोड एक कमी. पण उद्या दुसऱ्या कंपनीची साइट घ्यायची झाली तर प्लेट बदलता येते, स्लाइड बदलता येत नाही. मोठ्या विभागांना प्लेटच सोयीची पडते.

पहिलं काम तेल काढणं. कारखान्याचं तेल स्क्रूच्या आट्यांत, खाचेत आणि प्लेटवर असतं. अल्कोहोलने किंवा ब्रेक क्लीनरने सगळं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओशट आट्यांवर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) धरत नाही. मग साइट नुसती ठेवून बघा. ती हलत असेल, डुगडुगत असेल तर स्क्रू आवळून ती बसवू नका. प्लेट चुकीची आहे किंवा खाचेत कचरा आहे.

नंतर स्क्रूची लांबी तपासा. आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवर तग धरतो आणि एक दिवस साइट उडते. लांब स्क्रूचा धोका लपलेला असतो. ग्लॉकमध्ये उजव्या बाजूच्या स्क्रूखाली एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरची, म्हणजे त्याला दाबून धरणाऱ्या दांडीची, वाट आहे. स्क्रू जास्त खाली उतरला तर प्लंजर दाबला जातो, एक्स्ट्रॅक्टर मोकळा हलत नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही. मग सगळे दारूगोळ्याला दोष देतात. साइट बसवल्यावर एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून मोकळा हलतो का हे बघायलाच हवं.

आट्यांना निळं थ्रेडलॉकर अगदी थोडं लावा. जास्त लावलं तर ते वाहून आत जातं. स्क्रू टॉर्क रेंचने, निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच आवळा. आरएमआरसाठी ते 12 इंच-पाउंड आहे. हे फार थोडं असतं, मनगटाचा जरा जोर पडला की ओलांडलं जातं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून साइटच्या अंगावर रंगाची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. थ्रेडलॉकर पूर्ण पक्कं व्हायला 24 तास द्या. तासाभराने रेंजवर नेलेलं पिस्तूल संध्याकाळी सैल झालं तर नवल नाही.

अधिकाऱ्यांनी हे घरी स्वतः करावं का?

ड्युटीच्या पिस्तुलावर करू नये. विभागाच्या आर्मररने, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाने, बसवावं, पिस्तुलाचा आणि साइटचा क्रमांक, टॉर्क, तारीख नोंदवहीत लिहावी. पण प्रत्येक अधिकाऱ्याने आर्मररशेजारी उभं राहून एकदा हे सगळं बघावं. रंगाची रेघ कशासाठी आहे हे माहीत असलेला माणूस ती रोज तपासतो.

आयर्न साइट ठेवायच्या की काढून टाकायच्या?

ठेवायच्या, आणि खिडकीतून दिसतील इतक्या उंच. साधारणपणे त्या खिडकीच्या खालच्या तिसऱ्या भागात दिसाव्यात, म्हणजे दृश्य अडत नाही. माझा आग्रह एवढाच की या साइट काळ्या, साध्या असाव्यात. चमकणारे तीन ठिपके आणि त्यांत चौथा लाल, एवढं समोर आलं की डोळा नेमका कुठे बघायचं तेच विसरतो.

झीरो किती अंतरावर करायचं?

अनेक विभाग 25 यार्ड, म्हणजे साधारण 23 मीटर धरतात. काही 15 किंवा 10 यार्डांवर करतात. मला 25 पटतं, कारण जवळ न दिसणारी चूक तिथे उघडी पडते. ज्याला तिथे पाच गोळ्यांचा घट्ट गट जमत नाही त्याने 10 यार्डांवर सुरुवात करावी आणि मग मागे जावं. गट विखुरलेला असताना साइटचे नेम जुळवायचे स्क्रू फिरवणं म्हणजे चूक कुठे आहे हे न बघताच दुरुस्ती करणं.

हात वाळूच्या पिशवीवर टेकवा, ड्युटीचाच दारूगोळा वापरा, ठिपक्याचं तेज कमी ठेवा. आरएमआरवर त्या स्क्रूची एक क्लिक म्हणजे एक एमओए. 25 यार्डांवर तेवढ्याने गोळी सुमारे साडेसहा मिलिमीटर सरकते. पाच गोळ्या, मग दुरुस्ती, मग पुन्हा पाच. प्रत्येक गोळीमागे क्लिक फिरवू नका. झीरो ज्याचं त्याने करायचं, शेजाऱ्याकडून करून घ्यायचं नाही. पकड आणि चाप दाबण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते.

एक गोष्ट वर्गात नुसती सांगू नका, कागदावर दाखवा. साइट नळीच्या वर असते, म्हणून 25 यार्डांवर झीरो केलेलं पिस्तूल 3 यार्डांवर ठिपक्याच्या दोन-अडीच सेंटीमीटर खाली मारतं. गाडीच्या बॉनेटवरून किंवा खिडकीच्या चौकटीवरून नेम धरताना हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. ठिपका मोकळा दिसतो, पण नळीचं तोंड पत्र्याच्या मागे असतं. अडथळ्यामागून नेम धरण्याच्या सरावात हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

पिस्तूल वर काढलं की ठिपका सापडतच नाही. काय करू?

पहिल्या दिवशी सगळ्यांचं हेच होतं. रेंजवर दृश्य ठरलेलं असतं. अधिकारी होल्स्टरमधून सफाईने पिस्तूल काढतो, हात लांब करतो आणि खिडकी रिकामी असते. मग नळीचं तोंड वर, खाली, डावीकडे फिरू लागतं. मान पुढे येते, खांदे वर चढतात. ठिपका अचानक दिसतो आणि तो दिसला या आनंदात चाप ओढला जातो.

आयर्न साइट चुकलेली असली तरी तिच्याकडे बघून कुठे चुकलं ते कळतं, माशी डावीकडे झुकलेली दिसते. रेड डॉटची खिडकी रिकामी असली की काहीच कळत नाही. इतकी वर्षं मनगटातली जी थोडी चूक माशी बघून शेवटच्या क्षणी दुरुस्त व्हायची, ती आता लपत नाही.

बहुतेकांचं नळीचं तोंड वर उचललेलं असतं, म्हणून ठिपका खिडकीच्या वरच्या कडेपलीकडे असतो. उपाय असा: पिस्तूल छातीपाशी दोन्ही हातांत आलं की तिथेच डोळ्याच्या रेषेत आणा आणि मग सरळ पुढे ढकला. खालून कमान काढत वर आणू नका. पुढे जाताना आधी माशीचं टोक खिडकीत दिसेल, त्याच्या मागोमाग ठिपका. डोकं स्थिर ठेवा आणि पिस्तूल डोळ्यापर्यंत आणा. डोकं पिस्तुलापर्यंत नेऊ नका. आधाराच्या हाताचं मनगट थोडं पुढे झुकवून घट्ट ठेवलं की तोंड वर जात नाही.

हे गोळ्या झाडून शिकण्यासारखं नाही. घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर दोनदा तपासून, भिंतीवरच्या एका छोट्या खुणेवर रोज दहा मिनिटं पिस्तूल पुढे करा. डोळे मिटून पुढे करा, मग उघडा आणि ठिपका कुठे आहे बघा. काही आठवड्यांत तो खिडकीत हजर असू लागतो. एका हाताने, आणि विशेषतः डाव्या हाताने, मात्र पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. त्याला वेगळा वेळ ठेवा.

ठिपका सारखा थरथरतो. तो स्थिर कसा करायचा?

होत नाही, आणि करायचाही नाही. हात आधीही थरथरतच होता, आयर्न साइटमध्ये ते दिसत नव्हतं एवढंच. जो ठिपका पूर्ण थांबायची वाट बघतो तो नेमका थांबल्यासारखा वाटला की चाप हिसकतो आणि गोळी खाली जाते. ठिपका पाहिजे त्या भागात फिरत असू दे, चाप सलग दाबत राहा. प्रशिक्षकाला याचा मोठा उपयोग आहे. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना ठिपका कुठे उडतो ते शिकणाऱ्याला स्वतःला दिसतं, प्रशिक्षकाला सांगावंच लागत नाही.

पुढच्या काचेवर टेप लावून सराव का करवतात?

नजर माणसावर ठेवायची सवय लावण्याचा हा सगळ्यात प्रामाणिक सराव आहे. पुढची काच टेपने झाकली की खिडकीतून लक्ष्य दिसत नाही, फक्त ठिपका दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे बघितलं तर एक डोळा ठिपका देतो, दुसरा लक्ष्य देतो आणि मेंदू दोन्ही एकत्र करतो. ट्रायजिकॉनचे संस्थापक ग्लिन बिंडन यांच्या नावाने ही कल्पना ओळखली जाते. जो ठिपक्याकडे बघतो त्याला फक्त टेप दिसते आणि तो अडतो. म्हणजे कोण कुठे बघतोय हे प्रशिक्षकाला लगेच समजतं.

हा सराव 7 ते 10 यार्डांच्या आतच ठेवा. काहींचे दोन डोळे अगदी एका रेषेत जुळत नाहीत आणि लांबवर गोळी बाजूला जाते. त्यावरून माणसाला नापास करू नये.

किती तास शिकवावं?

अनेक ठिकाणी आयर्न साइटवरून येणाऱ्यांसाठी दोन दिवस, म्हणजे 16 तास ठेवतात. काही विभाग एकाच दिवसात आटोपतात. माझ्या मते एक दिवस कमी आहे. पहिला दिवस बसवलेली साइट समजून घेण्यात, झीरोत आणि ठिपका शोधण्यात जातो. त्या रात्रीच्या झोपेनंतर दुसऱ्या सकाळी हात एकदम वेगळे वागतात, हे दरवेळी दिसतं. एक दिवसाचं प्रशिक्षण नेमकं त्याच्या आधी संपतं. दुसरा दिवस हालचाल, एक हात, अडथळे, अंधार आणि बिघाड यांसाठी ठेवावा. ड्युटीवर साइट न्यायची परवानगी प्रशिक्षण आणि चाचणी दोन्ही झाल्यावरच मिळावी. त्याआधी अधिकाऱ्याने जुनंच पिस्तूल बाळगावं. आठवडाभर एक आणि आठवडाभर दुसरं असं आलटून पालटून तर मुळीच नको.

पैशाचा विचार करतानाही हे ध्यानात ठेवा. चांगली साइट पाचशे-सहाशे डॉलरच्या घरात येते, वर होल्स्टर आणि उंच आयर्न साइटचा खर्च वेगळा. विभाग तेवढ्याचा हिशोब करतात, आणि सरावाचा दारूगोळा व गस्तीवरून काढलेल्या माणसांचे तास अंदाजपत्रकात धरतच नाहीत. मग सगळ्यात आधी कात्री लागते ती प्रशिक्षणाला.

ऐन वेळी साइट बंद पडली तर?

जवळच्या अंतरावर फारसं बिघडत नाही, फक्त ते आधी करून बघितलेलं असायला हवं. ठिपका नसला तरी खिडकीची चौकट असते. लक्ष्य त्या चौकटीत धरून 5 ते 7 यार्डांवर छातीच्या भागात गोळ्या बसतात. त्यापेक्षा लांब असेल तर आयर्न साइट. काच चिखलाने भरली असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवा, वर सांगितलेला टेपचा सराव इथे उपयोगी पडतो.

प्रशिक्षकाने शिकणाऱ्याला न सांगता काही पिस्तुलांच्या साइट बंद करून ठेवाव्यात. ठिपका नाही हे कळल्यावर जो तिथेच थबकून साइटची बटणं दाबत बसतो त्याला अजून सराव हवा. बटण दाबणं, बॅटरी बघणं ही आडोशाला गेल्यावरची कामं आहेत.

अंधारात आणि टॉर्चबरोबर?

इथे आपोआप तेज बदलणाऱ्या साइट फसवू शकतात. सेन्सर तुमच्या जागेचा उजेड मोजतो. तुम्ही अंधाऱ्या जिन्यात उभे असाल तर ठिपका मंद होतो, आणि पिस्तुलावरच्या टॉर्चचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडला की तो मंद ठिपका त्यात बुडून जातो. उलट, तेज फार ठेवलं तर अंधारात ठिपका फुलतो आणि माणूसच झाकतो. हाताने तेज ठरवता येणारी साइट घ्या आणि टॉर्च पांढऱ्या भिंतीवर टाकून ठिपका दिसेल एवढंच तेज ठेवा. रात्रीच्या सत्राशिवाय प्रशिक्षण पूर्ण झालं असं धरू नये.

जुनं होल्स्टर चालेल?

नाही. साइटला जागा हवी आणि वर झाकण हवं. सफारीलँडसारख्या कंपन्या साइटवर झाकण येणारी, झटापटीत पिस्तूल हिसकावलं जाऊ नये म्हणून कुलूप असलेली होल्स्टर बनवतात. झाकण उघडायची अंगठ्याची हालचाल नवीन असते, तिचाही सराव लागतो. जुनं होल्स्टर घरी कापून साइटसाठी जागा करणं धोक्याचं आहे, कुलपाची पकड त्याने सैल होऊ शकते.

बॅटरी किती टिकते, देखभाल काय?

अ‍ॅक्रो पी-2 ची बॅटरी कंपनीच्या सांगण्यानुसार 50,000 तास, म्हणजे पाच वर्षांहून जास्त चालते. तरीही सगळ्या विभागाने वर्षातला एक दिवस ठरवून सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदम बदलाव्यात. सीआर2032 सेल स्वस्त असतो. मूळ आरएमआरमध्ये बॅटरी खालच्या बाजूला आहे, म्हणून साइट उतरवावी लागते. ती पुन्हा बसवल्यावर झीरो गोळ्या झाडूनच तपासायचं. 2023 मध्ये आलेल्या आरएमआर एचडीत बॅटरी वरून घालता येते, त्यामुळे हा त्रास नाही.

ड्युटीच्या सुरुवातीला तीन गोष्टी बघा: ठिपका लागतो का, काच स्वच्छ आहे का, रंगाची रेघ जुळते का. महिन्यातून एकदा झीरो तपासा. काच गणवेशाच्या बाहीने पुसू नका, वाळूचे कण ओरखडे पाडतात.

यामुळे भलत्याच माणसाला गोळी लागणं थांबेल?

न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबार प्रशिक्षणाचा आढावा रँड या संशोधन संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केला. 1998 ते 2006 या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी 18 टक्के गोळ्या लक्ष्याला लागल्या होत्या. समोरून गोळीबार नसतानाही प्रमाण 30 टक्केच होतं. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच: भिंतीत, गाडीत, कधी खिडकीमागच्या माणसात. हे आकडे आयर्न साइटच्या काळातले आहेत.

रेड डॉट हे प्रमाण सुधारायला मदत करतो असं मला मनापासून वाटतं. पण भीतीने आखडलेले हात, धावपळ आणि चुकीचा निर्णय यांवर काचेचा इलाज नाही. ज्या विभागात वर्षातून एकदा चाचणीपुरत्या गोळ्या झाडल्या जातात, तिथे साइट लावून फार काही बदलणार नाही. त्यांनी तोच पैसा आधी सरावाला घालावा.

पात्रता चाचणी तीच ठेवावी का?

तीच ठेवलीत तर सगळे पास होतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. 25 यार्डांवरचा भाग वाढवा, गुण मिळवून देणारं क्षेत्र लहान करा, साइट बंद ठेवून एक टप्पा घाला आणि गोळी झाडायची नाही अशी लक्ष्यं मिसळा. हातात शस्त्र आणि हातात मोबाइल असलेली चित्रं शेजारी शेजारी लावा. नजर कुठे होती याची परीक्षा तिथे होते.

मी इकडे स्पर्धात्मक पिस्तूल नेमबाजी करतो. हे माझ्या उपयोगाचं आहे का?

ऑलिंपिक प्रकारांत नाही. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, पिस्तूल स्पर्धांत फक्त काच नसलेल्या आयर्न साइट चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये मिळवलेलं सुवर्ण अशाच साइटवरचं. त्या खेळात माशीवर रोखलेली नजर हाच पाया आहे आणि तो रेड डॉटने बिघडवू नये. आयपीएससीसारख्या हालत्या नेमबाजीत रेड डॉटसाठी स्वतंत्र गट आहेत.

इकडे पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेलं इशापूरचं 9 मिमी ऑटो 1ए हे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं पिस्तूल आहे. त्याच्या स्लाइडवर साइटसाठी खाच नसते. तेव्हा हा प्रश्न पिस्तूल बदलण्याच्या प्रश्नाशी बांधलेला आहे.

एखाद्या अधिकाऱ्याला आयर्न साइटच हवी असेल तर सक्ती करावी?

जुन्या लोकांवर लगेच करू नये. जो आयर्न साइटवर उत्तम मारतो आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली आहेत, त्याला तसंच राहू द्या. नव्या भरतीला मात्र पहिल्या दिवसापासून रेड डॉटवर शिकवा. त्यांना माशीकडे बघायची सवय मोडावी लागत नाही, म्हणून ते लवकर शिकतात. आणि प्रशिक्षकांना सगळ्यात आधी पाठवा. ज्याने स्वतः रिकाम्या खिडकीत ठिपका शोधलेला नाही, त्याला दुसऱ्याची घालमेल कळत नाही आणि तो नुसताच "हात घट्ट धरा, हात घट्ट धरा" म्हणत राहतो.